फलेमी

बोपोडीच्या आमच्या गल्लीत
अप्पा परत आल्यावर आठ दिवस एकच प्रश्न:
काय पाहिलं मग तिकडं?
अप्पा म्हणायचे, भिंती.

त्यात तक्रार नव्हती, कौतुकही नव्हतं.
चॉकलेटचा तुकडा गालात धरून लोक
आणखी काही ऐकायला थांबत,
मग निघून जात.

खरं तर एकाच दिवसाची गोष्ट.
माझ्या ऑफिसला सुट्टी, ऑक्टोबरचं पातळ ऊन,
तासाभराची गाडी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.
गाव असं, की कालव्यात घरं उलटी उभी
आणि छपरांच्या कडांना पायऱ्या,
दोन्ही बाजूंनी चढून टोकाला भेटणाऱ्या.
"ह्या कुणासाठी?"
"कबुतरांसाठी," मी म्हणाले.
त्यांना पटलं.

मनोऱ्याखाली एक गाईड मुलगी घडाघडा बोलत होती.
तिच्या बोलण्यातला एक शब्द
अप्पांनी हवेतच झेलला,
खालून फेकलेली वीट परातीवर झेलावी तसा.
"काय म्हणाली ती?"
"फ्लेमिश. इथल्या लोकांना म्हणतात.
त्यांच्या घरांनाही."
घोडागाड्या दोन्ही अंगांनी जात राहिल्या,
अप्पा चौकात तसेच उभे.

कारण एकोणिसाव्या वर्षी
खडकीत, एका गोदामाच्या कंपाउंडवर,
रुस्तम फोरमन काठी आपटून ओरडायचा:
फलेमी लाव! फलेमी!
म्हणजे एक वीट लांब, एक आखूड,
पुन्हा लांब, पुन्हा आखूड,
वरच्या थरातली आखूड बरोबर खालच्या लांबीच्या पोटावर.
चुकलं तर अख्खा थर उतरवायचा,
वर हजेरी कापायची.
अप्पांना वाटायचं, फलेमी ही पारशी शिवी असावी.
मग वाटलं, कुणा साहेबाचं आडनाव.
पुढं पन्नास वर्षं हाताखालच्या पोरांना
तो शब्द त्यांनी तंबाखू थुंकून, नीट उच्चारून शिकवला,
पण त्याला एक गाव असेल
हे कधी मनात आलं नाही.

मग काय, दिवसाचा मोहराच फिरला.
होडी नको, लेसची दुकानं नकोत.
अप्पा पुढं, मी मागं,
दिसेल त्या भिंतीशी चष्मा कपाळावर चढवून
बोटानं मोजणी.
हिच्यात सगळ्याच आखूड.
हिच्यात एक थर लांब, एक थर आखूड, ते निराळं.
ही तर कालची आहे, म्हातारीचं सोंग घेतलंय.
एका खिडकीतला पडदा सरकला.
आतल्या बाईंना अप्पांनी हात जोडले
आणि मोजत राहिले.

पाच वाजले तरी फलेमी सापडेना.
"अख्ख्या गावात नाही," ते स्टेशनवर म्हणाले.
मला वाटलं, हिरमुसले.
गाडी सुटली, आणि काचेत पाहिलं तर
हसत होते, खांदे हलेपर्यंत.

गेल्या रविवारी म्हणाले, चल.
खडकी बाजाराच्या मागं रिक्षा सोडली.
गोदाम गेलं, तिथं आता मंगल कार्यालय.
पण कंपाउंडचा वीसेक फुटांचा तुकडा उभा होता,
अर्ध्यावर गिलावा, त्यावर गुलाबी रंग,
खाली, येथे लघवी करू नये,
आणि अर्थातच.

वॉचमन आला. कुणाकडं?
"कुणाकडं नाही. बघायला आलोय, लांबून."

गिलावा जिथं सुटला होता तिथं
एक लांब, एक आखूड,
एक लांब, एक आखूड.
अप्पा वासाची पर्वा न करता उकिडवे बसले,
तळहातानं विटा पुसत गेले.
सातव्या थरावर हात थांबला:
दोन लांब, शेजारी शेजारी,
मधली आखूड विसरलेली.

त्यांनी आधी रस्त्याकडं पाहिलं,
मग माझ्याकडं.
"त्या दिवशी," ते हळूच म्हणाले,
"रुस्तम रजेवर होता."