आकार

फॉर्मवर रकाना होता : आकार, मिलिमीटरमध्ये.
पंचफुला कोवे म्हणाली,
"सरकीएवढी होती वं बाई,
तुरी सोंगल्या तवा बोराएवढी."
मी तसंच लिहिलं.

बावीस वर्षं झाली.
वडकीच्या उपकेंद्रात पडद्याऐवजी
अजून तेच विटकं लुगडं,
आणि माझी बोटं
अजून चुकतात कधीकधी.
ह्या बायांची चुकत नाहीत.
बोलता बोलता, न बघता
कापसातून कवडी वेगळी काढणारी बोटं.

परिषदेत कुणी विचारलं, हे एकक कुठलं?
सरकी, म्हटलं.
हसले. स्लाइड पुढे सरकली.
पंचफुला तोवर नव्हती.

काल तिची लेक आली,
कापूस मोजून, तशीच, ओटीसकट.
"दुखत नाही जी काही.
तिळाएवढी हाये.

पण हाये."