पाव पाव फेरा

सीटपोस्ट पुसून घेतली. नळीचं तोंडही,
आतून, बोटाला फडकं गुंडाळून.
इथे ग्रीस चालत नाही.
ग्रीस लावलं की निसटते, निसटली की माणूस अजून आवळतो,
आणि अजून आवळणं हाच या धंद्यातला जुना रोग.
त्याऐवजी ही पेस्ट, रवाळ तुपासारखी,
चिमटीत घेतली की कण लागतात.

डॉक्टर गंधे स्टुलावर बसून घड्याळ पाहून राहिले.
उद्या पहाटे रामटेक, चौघं मिळून.
मे महिना. गोकुळपेठेत दुपारी दोनला
पायरीवर ठेवलेला पाना उचलवत नाही.
'थोडा अजून कस ना, पराते. उतारावर हललं तर?'

लोखंड असतं तर कसला असता.
लोखंड सांगतं. कुरकुरतं, वाकतं,
मरायच्या आधी चार दिवस आजारी पडतं.
कार्बन आतल्या आत एक धागा सोडतो,
मग दुसरा,
वरून लकाकी तशीच.
आणि एखाद्या सकाळी कन्हानच्या पुलावर
साधा खड्डा.

पहिली सीटपोस्ट मीच चिरडली होती,
अठरा वर्षांच्या अंदाजाच्या भरवशावर.
केसाएवढी रेघ. गिऱ्हाईक म्हणालं, खरचटलं असेल.
मी रुपया वाजवत खाली आलो:
टण, टण, टण,
ठप.
तीन महिने पगारातून कापून गेले.

तो तुकडा घेऊन तांडापेठेत घरी गेलो.
बाबांनी भिंग लावलं, रेशमातली गाठ शोधायचं.
'अरे, हे तर कापड आहे. काळं कापड.
उभं-आडवं दिसत नाही का तुले?
कापडाले कोणी पान्यानं आवळते का?'
मग मागावरचा ताणा अंगठ्यानं छेडला.
'सैल ठेवलं तं झोळ खाते. ताठ केलं तं तुटते.
आन् तुटते तवा आपण दुसरीकडे पाहून राहतो.'
मधलं किती, मी विचारलं.
'हाताले समजते.'
कोणाच्या?
'चाळीस वर्षं बसलेल्याच्या.'

माझ्याकडे चाळीस वर्षं नव्हती.
मी आकड्याचा पाना घेतला, हप्त्यावर.

हँडलचे चार बोल्ट.
एक पुरता कसून दुसऱ्याकडे जायचं नाही.
तिरपं जायचं, वरचा डावा, खालचा उजवा,
पाव पाव फेरा, पंगतीत वाढतात तसं,
कोणाच्याच पानात एकदम नाही.
फट वर-खाली सारखी आली की मग
आकडा पाचावर, मूठ नुसत्या बोटांत,
हळू,
टिक.

थांबायचं.
खात्रीसाठी दुसरी टिक ऐकायची नाही.
ती खात्री नसते.

शेवटचा बोल्ट डॉक्टरांना दिला.
रोज माणसं शिवणारे हात,
तरी टिक झाल्यावर मनगट पुढे गेलंच.
मी ते धरलं. गिऱ्हाइकाचं मनगट धरू नये म्हणतात.
कूलर घरघरत होता, तेवढाच आवाज.
चारही बोल्ट सोडले,
पहिल्यापासून सुरू केलं. यावेळी ते मोजत होते,
ओठांनी.

सहाला गेले. पैसे देताना म्हणाले,
'तुझा पाना काही स्वस्त दिसत नाही.'

शटर ओढायच्या आधी तो पुसतो,
आकडा सगळ्यात खाली उतरवतो.
रात्रभर ताणात राहिला
तर आतली स्प्रिंग खोटं बोलायला शिकते.
बाबाही तसेच उठायचे मागावरून:
आधी ताणा ढिला,
मग कंबर.