शून्य दशांश एकतीस

औसा रस्त्याच्या प्रक्षेत्रावर
घेवड्याच्या शेंगा वाळल्या की माझं काम सुरू होतं.
कोणता वाण कुठल्या वाफ्यात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं,
म्हणजे कुणाची बाजू घेतली असं व्हायला नको.
तोडणी दव असेपर्यंतच;
ऊन चढलं की शेंग हातातच तडकते
आणि दाणे भेगांत जातात, हिशोबाबाहेर.

सोजरबाई मोजते, मी लिहितो.
सत्तावीस. एकवीस. बत्तीस. "ह्याला आळी हाय, चौदा."
कडेच्या ओळी मोजायच्या नसतात,
त्यांना वारा जास्त, ऊन जास्त, शेजारी एकाच बाजूला.
त्यांची उसळ होते.

चौथ्या ओळीतलं सतरावं झाड: एकसष्ट.
दोनदा मोजायला लावलं. आकड्याभोवती गोल काढला.
रात्री तांदळे सरांना फोन केला, जरा चढ्या आवाजात.
सर म्हणाले, "बरं. खालची जमीन बघितलीस का?"

सकाळी उकरलं.
ठिबकच्या नळीचा सांधा तिथंच पाझरत होता,
पेरणीपासून, गुपचूप.
सोजरबाई हसली नाही, पदर खोचला:
"पानी पिऊन कोनबी गुबगुबीत व्हतंय, दादा."

मग कागद.
डोळ्यांना दिसतं त्यातलं बियात किती उतरतं,
तर शून्य दशांश एकतीस.
उरलेलं नळीचं, मुरमाचं, लिंबाच्या सावलीचं,
मोजणाऱ्याच्या पेंगेचं.
एकसष्टातून वाफ्याची सरासरी, सत्तावीस, वजा;
उरले त्याचे एकतीस टक्के; ते परत सरासरीत.
साडेसदतीस.
एवढं खाली उतरलं झाड
आणि उभं होतं तसंच, शेंगा लटकवून.

मला दहावीला ब्याण्णव होते.
लातुरात खोली, शिकवणी, एसटीनं येणारा डबा.
थोरल्या व्यंकटला त्याच शाळेत अठ्ठावन्न,
गुरं सांभाळून.
हे सूत्र घरी लावून बघावं, असं एकदा मनात आलं.
लावलं नाही.
दोन झाडांवरून अंदाज काढू नये,
हे सरांच्या टिपणात पहिल्याच पानावर आहे.

बारा झाडं निवडली.
बांधाकडच्या मुरमात एका झाडाला
लुगड्याची चिंधी बांधलेली सापडली.
शेंगा चोवीस. माझ्या यादीत अठरावं.
"काय बघून बांधलीस?"
"शेंगा कुटं बघितल्या मी. पान बघितलं.
दुपारी समदी माना टाकत्यात, ह्यानं नाय टाकली."

माझ्या तक्त्यात दुपारचा रकाना नाही.
रोज साडेदहाला आम्ही वही मिटतो.

त्याचं बी वेगळं ठेवलंय.
पुढच्या रब्बीत मांडणीत जागा नाही,
कडेच्या ओळीत टोकीन.
पाकिटावर क्रमांक काय घालावा सुचेना,
म्हणून नुसतं लिहिलं: दुपार.
खाली पेन्सिलीनं, चोवीस.