पोच

फ्रीझर रिकामा करायला घेतला तो मार्चमध्ये.
उणे ऐंशी. दार उघडलं की थंड वाफ
बुटांवर उतरते, आधी बोटं बधिर होतात.
गुनवोर सेदरलुंडला निवृत्त होऊन सहा दिवस झाले होते,
आणि ती नेहमीसारखी आठला पाच कमी असताना
हातमोजे चढवून हजर.

खोकं चार. एकोणीसशे एकोणनव्वद.
अक्षर तिचंच, पण तेव्हाचं उतावळं, उजवीकडे कललेलं.
“हे काय?”
“यकृतानं खाल्लेलं.”
खोकं नऊ. “आणि हे?”
“हेही त्यानंच. त्याला भूकच फार.”
पुढची तीन मी न विचारता पिंपात टाकली.

तिचा बाप कोर्पोपलीकडच्या बेटांवर टपाल न्यायचा.
उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात घोड्याची घसरगाडी,
आणि मधले ते आठवडे,
बर्फ माणसाला पेलत नाही, होडीला वाट देत नाही.
आम्ही त्याला केलिरिक्को म्हणतो,
तिच्या स्वीडिशमध्ये वेगळा शब्द आहे, तितकाच वैतागलेला.
तेव्हा तो एक पाय होडीत, एक बर्फावर ठेवून
ढकलत ढकलत जायचा.
पेन्शन, लग्नाचं बोलावणं, बँकेची तंबी,
सगळं एकाच मेणकापडात. आत काय, कधी विचारलं नाही.
सही मात्र घ्यायचा.
म्हणायचा, पोच नसेल तर मी गेलोच नव्हतो.

स्निग्धाचा दुपदरी पापुद्रा,
ना धड घट्ट, ना धड पातळ,
हे तिनं मला पहिल्या दिवशी शिकवलं तेव्हा वाटलं
बाई रसायनशास्त्र सांगतायत.
अकरा वर्षांनी कळलं, घरचंच सांगत होती.

चारशे नॅनोमीटर: यकृत.
दोनशे: यकृत, थोडं प्लीहेत.
ऐंशीचे कण एकदाचे गेले
लसिका ग्रंथीच्या दारापर्यंत, आणि उभेच राहिले.
नुसतं पत्र सरकवून भागत नाही, म्हणाली,
कडी वाजवावी लागते.
पण इतकी नाही की घरचे धावत येऊन
टपालवाल्यालाच बडवतील.
त्या ‘इतकी नाही’त तिची नऊ वर्षं गेली.
माझा एक संसारही, पण ते इथं नको.

उंदरांनी पोच दिली. तेविसातल्या तेवीस.
त्या संध्याकाळी तिनं वेलचीचे पाव वाटले,
सफाईवाल्या अर्तोला दोन.
फेरेटांनी दिली नाही.
अनुदान समितीनं दिली: “रोचक, परंतु.”
पेटंट एका डॅनिश कंपनीनं घेतलं
आणि नीट घडी घालून ठेवून दिलं.

मग बऱ्याच वर्षांनी, व्यायामशाळेतली ती रांग,
जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा,
दोन-दोन मीटरवर माणसं.
औषधाचा कागद मागून घेतला तिनं, चष्मा कपाळावर ढकलून
घटकांची बारीक यादी नाकाशी धरली.
चौथ्या ओळीवर थांबली.
“ओळखीचं कुणी?”
“चुलत,” ती म्हणाली, आणि बाही वर केली.
नर्सला माहीत नव्हतं. कशाला असावं?

दुसऱ्या दिवशी पहाटेच फोन.
“दंड दुखतोय का तुझा?”
“ठणकतोय. कूस बदलता येईना.”
“माझाही,” गुनवोर म्हणाली,
आणि तिला इतकं खूश मी
वेलचीच्या पावांनंतर पाहिलं नव्हतं,
म्हणजे ऐकलं नव्हतं.

शेवटचं खोकं बाराला निघालं.
विल्हेवाटीचा कागद: काय, किती, कुणाच्या समक्ष.
मी मोजा काढला. पेन
बर्फाच्या कप्प्यावर राहून गेलेलं, उमटेना.
तिनं ते माझ्याकडून घेतलं,
दोन्ही तळव्यांत धरून उभी राहिली थोडा वेळ,
काही न बोलता,
मग परत दिलं. “कर सही.”