अकरा दिवस उशीर

रिवणच्या कपारीत शिरण्याआधी पुनो वेळीप
चपला काढतो, मग बॅटरीला लाल कागद गुंडाळतो.
मी बांबूच्या टोकाला थर्मामीटर बांधते.
वर, घुमटासारख्या खोलगट छतात,
जिथं त्यांच्याच अंगांची ऊब साठून राहते,
तिथं नुसत्या बाया. नर एकही नाही.

माझ्या वहीप्रमाणे विणीचा हंगाम: एप्रिलचा दुसरा आठवडा.
पुनोच्या हिशेबात: सुरंगीचे वळेसर बाजारात दिसेनासे झाले की.
तीन वर्षं दोन्ही हिशेब जुळत होते.
पिल्लू उडायला लागेपर्यंत
ओहोळावर किड्यांचे थवे उतरलेले असायचे,
जणू कुणी पानं वाढून ठेवली आहेत.

यंदा मार्चातच आभाळ काळवंडलं.
काजूचा मोहोर करपल्यासारखा झाला,
आणि सलग पाच रात्री पाऊस.
पाच रात्री कपारीतून कुणीच बाहेर पडलं नाही.
सहाव्या दिवशी मी एकीला हातमोज्यात धरलं.
गार. ओल्या चिंचोक्याएवढी गार.
श्वास इतका सावकाश
की दोन श्वासांमध्ये मी तारीख लिहून काढली.

“औंदा तीं उशीर करतलीं,” पुनो म्हणाला.
मी वहीत लिहिलं नाही.
आता वाटतं, लिहायला हवं होतं.
उपाशी आई स्वतः मंदावते
आणि पोटातल्यालाही म्हणते, थांब,
अजून बाहेर काही नाही.

सगळ्यांना नाही जमलं ते.
खाली लेंड्यांच्या ढिगावर सात पिल्लं,
सोललेल्या जांभासारखी गुलाबी,
आणि मुंग्यांची रांग.
पुनोनं पंचानं घाम पुसला, तोंडावरच धरून ठेवला थोडा वेळ.

अकरा दिवसांनी, पहाटे चारच्या सुमाराला,
जन्मभर उलटी लटकलेली एक बाई
अंगठ्यांवर भार देऊन हळूच सुलटी झाली.
शेपटीचं कातडं तिनं ओच्यासारखं पसरलं
आणि पिल्लू त्यात पडलं.
लाल उजेडात पुनोनं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

अकरा दिवस म्हणजे
उडायला शिकताना जून उजाडलेला असेल.
त्या रकान्यात मी काय भरू?
पुनो बाहेर चपला शोधत होता.
त्याची एक चपल कुत्र्यानं नेली होती.