बाकी शून्य

मंगळवारी दुपारी ग्रंथालयाच्या तळघरात
झेरॉक्स मशीनशेजारी माझं टेबल असतं.
सल्ला फुकट. वकील नाही मी,
बारीक अक्षर वाचायची सवय लागलेला माणूस.

मार्लिस कोइविस्तो आली तेव्हा
तिच्या बुटांवरचा बर्फ अजून वितळायचा होता.
चौतीस वर्षं डलूथच्या चढणींवर
शाळेची बस चालवलेली बाई.
तिनं पाकीट टेबलावर ठेवलं,
सीटखाली सापडलेला कुणाचा तरी हातमोजा ठेवावा तसं.

‘टायरच्या दुकानात कळलं,’ म्हणाली.
‘चारही चढवून झाले होते.
काउंटरवरचा पोरगा माझ्याच बसमधला.
त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि हळूच म्हणाला, चालत नाहीये.
मग एकेक टायर उतरवला.
मी खुर्चीत बसून बघत होते.’

पत्र चार दिवसांनी आलं. तीन ओळी.
दीर्घकाळ वापर नसल्याने
आपले खाते बंद करण्यात आले आहे.
आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.

एकोणीस वर्षांत एक सेंट थकवला नाही तिनं.
कार्ड बटणांच्या डब्यात.
रेनो म्हणायचा, अडीनडीला असू दे.
रेनो गेला तेव्हाही ते बाहेर आलं नाही,
ती नड तिनं रोखीनं भागवली.

मी कायदा सांगू लागलो.
खातं बंद झालं तरी जुन्या बाकीवर
मनाला येईल तसं व्याज चढवता येत नाही.
कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागता येतं...
‘माझी बाकी किती?’
शून्य.
‘कारण तर त्यांनी दिलंय.’
दिलंय. आणि न वापरलेलं खातं
आधी न कळवताही बंद करता येतं.

ती बराच वेळ झेरॉक्स मशीनचा हिरवा दिवा बघत राहिली.
‘म्हणजे थोडं देणं असतं,
तर तुझ्या पुस्तकात माझं एखादं पान असतं.’

मी पान उलटलं. उगाचच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
हिनं पसरलेच नाहीत,
तर अंथरूणच गुंडाळून नेलं.

खातं पुन्हा उघडा, अशी विनंती करता येते.
मानायची की नाही, त्यांची मर्जी.
मी लिहू लागलो: माननीय महोदय...
‘थांब, हे घाल,’ म्हणाली.
‘उणे तीस अंशांतसुद्धा
मी एकाही मुलाला
न सांगता रस्त्यात उतरवलं नाही.’

याचा कायद्याशी संबंध नाही, मी म्हणालो.
‘लिही.’
लिहिलं. तिनं सही केली,
एकेक अक्षर सुटं, हजेरीपटावर करावी तशी.

तळघराच्या खिडकीतून
रस्त्यावरची फक्त चाकं दिसतात.
तिची मी लगेच ओळखली.
गुळगुळीत, नक्षी पुसलेली,
उतारावर जराशी घसरली,
सावरली,
आणि तळ्याच्या दिशेनं
पहिल्या गिअरमध्ये गेली.