पाळीपत्रक

एकतीस वर्षं पाटकरी होतो.
उजवा कालवा, मायनर नऊ.
चावी फिरवली की पाणी,
उलटी फिरवली की भांडण.
म्हणून पंचफुलानं जेव्हा विचारलं,
"त्या बेटाच्या भवताल जे पाणी हाय
ते सोडते कोण?"
तेव्हा मी नुसता चष्मा पुसत बसलो.

बेट लहान आहे. जावई सांगत होता,
सकाळचा चहा घेऊन निघालं
तर दुसऱ्या चहाला फेरी पुरी.
एक दीपगृह, एक पडका बुरूज,
शिंपल्यांची पुळण,
आणि नशिबात असले तर डॉल्फिन.
"नशिबाचं ऱ्हाऊ द्या," पंचफुला म्हणे,
"तिथं बाथरूम हाय का, ते इचारा."

शाळेतल्या नकाशावर शोधलं.
ढोबळे मास्तरनं बोट ठेवलं, "हे पाहा."
नखानं खरवडलं
तर माशीची घाण निघाली.

मग माळ्यावरून जुनं रजिस्टर काढलं.
शेवटची अकरा पानं कोरी होती.
रकाने तेच, लाभधारकाचं नाव,
सुटण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, शेरा.
बडनेऱ्याहून रात्रीची गाडी,
वेटिंग एक्केचाळीस, बेचाळीस.
कल्याणला उतरून एसटी, मग होडी,
आणि होडी म्हणे भरती पाहून सुटते.
जावई फोनवर वेळा सांगत गेला,
मी उतरवत गेलो, आणि पेन थांबला.
दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते,
रोज पाऊण तास उशिरा,
कोणाचा अर्ज नाही, पाणीपट्टी नाही,
टेलवाल्याची बोंब नाही.
लाभधारकाच्या रकान्यात काय लिहावं?
पेन्सिलीनं लिहिलं, चंद्र.
मग खोडलं. साहेब हसला असता.

तूर निघाली की जायचं.
शेळ्या निंबाजीकडं.
कुत्र्याचं अजून ठरलं नाही.
दशम्या किती टिकतात
ते पंचफुलानं करून पाहिलं,
चौथ्या दिवशीची मला खायला लावली.

परवा रात्री जाग आली,
तर ही न्हाणीत, परातीत पाय सोडून बसलेली.
पाण्यात मूठभर मीठ.
"काय करून राह्यली वं?"
"सवय. भेगा झोंबतात का पाहतो."
"झोंबतात?"
"झोंबतात नं."
आणि अजून एक मूठ टाकली.

काल रजिस्टर उघडलं.
परतीच्या गाडीची ओळ मी कोरीच ठेवली होती.
तिच्यापुढं, शेऱ्याच्या रकान्यात,
रात्रशाळेतलं तिचं अक्षर,
रेघ सोडून वर चढलेलं,
एकतीस वर्षं माझे शेरे ऐकून शिकलेलं:
गेट आढळले नाही.
समक्ष पाहणी करावी.